आत्म्याचा अग्नी आणि पारखीची आज्ञा

शास्त्रपाठ : १ थेस्सलनीकाकर ५:१९–२२



पौल प्रेषिताने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस लहान लहान आज्ञांची एक माळ ओवली आहे. तिच्यातील ह्या चार वचनांत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या आढळतात. देवाच्या आत्म्याने पेटविलेला अग्नी कोणी मालवू नये व संदेशास तुच्छ लेखू नये, ही एक. आणि जे जे पुढे येईल ते ते पारखून घ्यावे, त्यातील चोख ते राखावे व वाइटापासून दूर व्हावे, ही दुसरी. दोन्ही आज्ञा एकाच लेखणीतून, एकाच श्वासात निघाल्या आहेत. असे असता आज आपल्या मंडळ्यांत पुष्कळ लोक अर्धीच आज्ञा पाळतात, आणि उरलेली अर्धी पाळणाऱ्या भावास विरोधी समजतात.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. गावाबाहेरच्या शेतात मंडप पडतो, कर्णे लागतात, चंगाईची सभा भरते. कोणी अन्य भाषांत प्रार्थना करितात, कोणी थरथर कापतात, कोणी जमिनीवर पडतात, कोणी मोठ्याने हसतात वा रडतात. परगावचा उपदेशक कोणाच्या डोक्यावर हात ठेवून त्याचा रोग गेला असे जाहीर करितो, आणि कोणास त्याच्या घरातील गुप्त गोष्ट सांगतो. सभा आटोपून मंडप निघतो, परंतु गावात दोन तट मागे राहतात. एक म्हणतो, ‘हे सर्व ढोंग आहे.’ दुसरा म्हणतो, ‘हे सर्व देवाचे आहे, आणि शंका घेणारा आत्म्याचा अपमान करितो.’ दोघांच्या मध्ये बिचारा गावचा उपदेशक उभा असतो. ह्या प्रश्नावर शास्त्र हाती घेऊन शांतपणे विचार करण्याचे आम्ही आज योजिले आहे. कारण हा नुसता वादाचा विषय नव्हे. ह्यात कोणाचे प्राण, कोणाची अब्रू आणि कित्येक दुर्बळांचा विश्वास गुंतलेला आहे.

प्रथम, जे बंधू असल्या सर्व गोष्टी हसण्यावारी नेतात, त्यांच्याशी बोलू. असला उत्साह परदेशातून कोणी आपल्याकडे आणून टाकिला, असे त्यांनी म्हणू नये. १९०५ साली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, जे घडले ते आपल्याच भूमीवर घडले. त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी उज्जीवनाकरिता रोज प्रार्थना करण्यास मुलींस बोलाविले. आरंभी सुमारे ७० जणी पुढे आल्या. जून महिन्यापर्यंत सुमारे ५५० जणी दिवसातून दोन वेळा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस एके पहाटे एका मुलीला असा अनुभव आला की, तिच्याभोवती जाळ पाहिल्याचे वाटून दुसरी एक जण पाण्याची बादली आणावयास धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत रीतीने योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असता मुली रडून व मोठ्याने प्रार्थना करून पापे कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंस बोलणे थांबवावे लागले. हे अझूसा रस्त्यावरच्या सभांच्याही आधीचे आहे. कारण अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी विल्यम सीमूर यांच्या त्या प्रसिद्ध सभा १९०६ साली सुरू झाल्या.

केडगावच्या गोंगाटावर त्या वेळीही टीका झाली. पण रमाबाई वेदशास्त्र जाणणाऱ्या विदुषी होत्या; गोंगाटाने भारावून जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी अग्नी मालविला नाही आणि पारखही सोडली नाही. पुढे अन्य भाषांवरून वाद माजला, तेव्हा त्यांनी असे मत लिहून ठेविले की, हे दान खरे आहे, ते टाकून देऊ नये. तथापि ते प्रत्येकास मिळालेच पाहिजे असे नाही, आणि आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे अगदी आवश्यक चिन्ह म्हणजे प्रीती होय. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली ह्याच विषयावर पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचले, आणि १९०९ साली तेथे मोठी चळवळ उभी राहिली. केडगावच्या प्रार्थनेची ठिणगी इतकी दूर गेली! तेव्हा, बंधूंनो, जे आपणांस अपरिचित ते खोटे, असा निवाडा घाईने करू नका.

आता, जे सर्वच काही देवाचे मानितात, त्यांच्याशी बोलू. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो. तेणेकरून कुंभाराचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. उलट पक्के भाजलेल्या मडक्यास वाजविण्याचे भय नसतेच. त्याचप्रमाणे जे देवाचे आहे ते पारखल्याने मोडत नाही. बिरुया येथील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे भाषण रोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची थोरवीच सांगितली आहे (१७:११). ज्या उपदेशकास पारखीचा राग येतो, तो स्वतःस पौलाहून मोठा समजतो काय?

पारख कशाने करावी? प्रथम, कशाने करू नये ते सांगतो. अंगाच्या हालचालीवरून करू नये. अमेरिकेत मोठे उज्जीवन चालू असता, १७४१ साली जोनाथन एडवर्ड्स यांनी न्यू हेवन येथे ह्याच प्रश्नावर व्याख्यान दिले. रडणे, कापणे, ओरडणे, पडणे ह्यांवरून कार्य देवाचे आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मनुष्याचे मन हलले म्हणजे शरीरही हलते. पण मन कोणी हलविले हे शरीर सांगू शकत नाही.

ही गोष्ट आपल्या गावकऱ्यांस फोड करून सांगावयास नको. जत्रेत हलगी वाजू लागली म्हणजे अंगात येते, केस मोकळे सुटतात, लोक पायां पडून कौल मागतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. करिंथ येथील विश्वासी लोकही असल्याच रीतींतून आलेले होते, म्हणूनच कृपादानांविषयी लिहिताना पौल आधी त्यांस आठवण देतो की, पूर्वी ते मुक्या मूर्तींकडे ओढले जात असत (१ करिंथ. १२:२). ओढले जाणे हा जुना मार्ग होय. नव्या मार्गाविषयी तो चौदाव्या अध्यायात म्हणतो की, संदेष्ट्यांचा आत्मा संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतो. दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावे, इतरांनी त्याचा निर्णय करावा. अन्य भाषेचा अर्थ सांगणारा नसेल, तर बोलणाराने मंडळीत गप्प राहून देवाशी मनातल्या मनात बोलावे. ह्यावरून उघड होते की, ‘आत्मा आला, माझा इलाज चालेना’ ही सबब ख्रिस्ती उपासनेत चालत नाही. पवित्र आत्मा मनुष्यास बाहुले करीत नाही. आत्मसंयमन हे त्याचेच फळ आहे.

तर मग पारखीच्या चार कसोट्या ध्यानात ठेवाव्या.

पहिली, ख्रिस्ताची. सभेतून घरी जाताना लोकांच्या तोंडी कोणाचे नाव असते? वधस्तंभावर मेलेल्या व उठलेल्या प्रभूचे, की मंडपातील उपदेशकाचे? अनुवादाच्या तेराव्या अध्यायात मोशे बजावतो की, एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी तो देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये. फिलिप्पै येथील दासीने पौलाविषयी जे ओरडून सांगितले ते शब्दशः खरे होते, तथापि पौलाने त्या आत्म्यास घालवून दिले; ती वाणी धन्यांच्या कमाईचे साधन होती (प्रे. कृ. १६). गुप्त गोष्ट अचूक सांगितली, एवढ्यावरून सांगणारा देवाचा ठरत नाही.

दुसरी, सत्याची. यिर्मयाच्या काळी हनन्या नामक संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल असे भर मंदिरात सांगितले. लोकांस ते गोड वाटले, पण घडले नाही. आपल्या काळाजवळचे उदाहरण पाहा. अझूसा रस्त्यावरच्या सभांतून आल्फ्रेड गार व त्यांची पत्नी लिलियन हे १९०७ च्या आरंभी कलकत्त्यास आले. आत्म्याने आपणांस बंगाली भाषा दिली आहे, अशी गार यांची समजूत होती. पण बंगाली लोकांस त्यांचे बोलणे समजले नाही. ते निष्कपट होते. त्यांनी ओढून ताणून सिद्ध करण्याचा हट्ट धरिला नाही. अन्य भाषा ही उपदेशाकरिता शिकलेली भाषा नव्हे, तर प्रार्थना व स्तुती होय, असा विचार पुढे त्यांनी स्वीकारिला. जो मनुष्य आपला दावा खरा न ठरल्यास तो सोडतो, त्याच्यावर पुढे विश्वास ठेविता येतो. जो दावा फसल्यावर ऐकणाऱ्याच्याच विश्वासात खोट काढितो, त्याच्यापासून सावध असावे.

तिसरी, पैशाची. नामान बरा झाल्यावर अलीशाने भेट घेतली नाही. गेहजीने मागून धावत जाऊन घेतली, आणि त्याला नामानाचे कोड लागले. शिमोन जादूगाराने आत्म्याचे दान पैशाने घेऊ पाहिले, तेव्हा पेत्राने त्याचा कडक निषेध केला. प्रेषितांच्या मागील पिढीत मंडळ्यांकरिता लिहिलेला ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचा एक लहान ग्रंथ आहे. त्याची ग्रीक हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टंटिनोपल येथे सापडली. त्यातील नियम मोठे सोपे आहेत. फिरत्या प्रेषिताचे स्वागत करावे; त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे; तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकर घ्यावी. पैसा मागितला तर तो खोटा. आत्म्यात बोलत असल्याचे सांगून स्वतःकरिता पैसा मागणाराचे ऐकू नये. गरजवंतांकरिता मागेल तर त्यास दोष लावू नये. अठराशे वर्षांहून जुनी ही कसोटी आजही बोथट झालेली नाही. अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीस किंमत लावणारा, आशीर्वादाच्या रुमालाकरिता फोनवर पैसे मागणारा, कर्ज काढून दान द्या म्हणजे शंभरपट मिळेल असे मजूर बाईस सांगणारा, हा कोणत्या बाजूचा, हे ओळखावयास धर्मशास्त्राची परीक्षा द्यावी लागत नाही. जुना अंगारा टाकून नवा अंगारा विकत घेणे, ह्यास नवा जन्म म्हणत नाहीत.

चौथी, फळाची. झाड फळावरून ओळखावे, हे आपल्या प्रभूचे शिक्षण आहे. आणि फळ एका रात्रीत येत नाही. केडगावच्या अनुभवाचे फळ काय? तेथील मुली टोळ्या करून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगावयास गेल्या. ज्या घरात मोठ्याने प्रार्थना झाली, त्याच घरात दुष्काळातून आलेल्या अनाथ मुली शिकल्या, अंध स्त्रियांस वाचावयास शिकविले, आणि स्त्रियांनी छापखान्यात खिळे जुळवून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर छापिले. उलट पक्षी, सभेत पडून उठलेला मनुष्य घरी येऊन बायकोवर हात टाकीत असेल, अन्य भाषा बोलणारी बाई न बोलणारीस कमी दर्जाची समजत असेल, तर त्या पडण्याने व बोलण्याने काय साधले? प्रीती नसलेले बोलणे पौलाच्या मते पोकळ वाद्याचा नाद होय.

आता रोग व औषध ह्यांविषयी. कारण येथे चूक झाली तर ती कधी कधी स्मशानात नेऊन सोडते. देव बरे करितो, हे आम्ही मनापासून मानितो. वडिलांनी रोग्याकडे जाऊन तेल लावून प्रार्थना करावी, ही याकोबाची आज्ञा आजही उभी आहे. परंतु औषध सोडणे हा विश्वास, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. हिज्कीया राजास बरे करण्याचे वचन देऊन यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधविले. लूक वैद्य पौलाचा प्रिय सोबती होता. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचविला. त्रफिमास मिलेत येथे आजारी ठेविले. आणि स्वतःच्या देहातील काटा त्रिवार विनंती करूनही निघाला नाही. ह्या सर्वांचा विश्वास उणा होता, असे म्हणण्याचे धैर्य कोण करील?

अमेरिकेत जॉन अलेक्झांडर डाउई ह्या चंगाईच्या प्रसिद्ध उपदेशकाने डॉक्टर व औषधे ह्यांच्याविरुद्ध मोहीम चालविली, झायन नावाचे नगर वसविले, आणि १९०१ साली आपणच एलीया असे जाहीर केले. १९०६ साली त्याच्याच अनुयायांनी त्यास पदावरून दूर केले. पैशाच्या व्यवहाराची दुर्दशा झाली. १९०७ साली तो मरण पावला. विश्वासाचा आरंभ असून शेवट अहंकारात कसा होतो, ह्याचे हे उदाहरण होय.

क्षयरोगाचे औषध सामान्यतः सहा महिने घ्यावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत खोकला थांबतो, अंगात शक्ती येते. त्याच वेळी कोणी ‘तू बरा झालास, गोळ्या टाक’ असे सांगितले, तर उरलेले जंतू शिरजोर होतात, पुढे साध्या औषधास दाद देत नाहीत, आणि घरातील लेकरांसही लागण होते. ह्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. फेफऱ्याचा झटका हे भूत नव्हे. त्यावर औषध आहे. सर्पदंश झाल्यास प्रार्थना करीतच रोग्यास गाडीत घालावे व दवाखाना गाठावा. आपल्या प्रभूने कोड्यास शुद्ध केल्यावर काय सांगितले ते पाहा: याजकाकडे जाऊन दाखव. त्या काळी रोग गेला की नाही हे तपासण्याचे काम याजकाचे होते. स्वतः ख्रिस्ताने आपले कार्य तपासणीस पाठविले, तर आजच्या चंगाईने दवाखान्याच्या तपासणीस का भ्यावे? देवाने बरे केले असेल तर डॉक्टरच सांगतील, आणि मग औषध बंद करणेही त्यांच्याच सल्ल्याने होईल.

याहूनही घातक अशी आणखी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी संदेष्टा म्हणविणारा मनुष्य सांगतो की, ‘तुझ्या घरावर शेजारणीने करणी केली आहे.’ बंधूंनो, देवऋषी हेच सांगत होता! त्याची वाणी ख्रिस्ताच्या नावाने बोलल्याने ती पवित्र होत नाही. संदेश हा उन्नती, उत्तेजन व सांत्वन ह्यांकरिता असतो, असे पौल लिहितो (१ करिंथ. १४:३), एखाद्या विधवेस चेटकीण ठरविण्याकरिता नव्हे. भूत काढण्याच्या नावाखाली मनुष्यास मारणे वा साखळीने बांधणे, आणि साप चावलेल्यास उपचारापासून अडविणे, ह्यांस महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्याने केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे, तर शेजाऱ्यावरील प्रीतीस्तव ह्यांपासून दूर राहावे.

मग गावच्या मंडळीने काय करावे? एकट्या उपदेशकावर भार टाकू नये. दोघा-तिघा वडिलांनी मिळून सभेस जावे, टिंगल करावयास नव्हे, तर ऐकावयास. परगावचा उपदेशक आला तर तो कोणत्या मंडळीचा, तेथील लोक त्याच्याविषयी काय सांगतात, हे विचारावे. जे भविष्य सांगितले गेले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि काळ आपले काम करीपर्यंत थांबावे. दानाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. बरे झाल्याची साक्ष देणारास प्रेमाने सांगावे, ‘देवाची स्तुती असो, आता दवाखान्यात जाऊन ये.’

आणि जुन्या मंडळ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ती बाई त्या मंडपात का गेली? तिचे लेकरू तापाने फणफणत असता तिच्या दारी गुडघे टेकावयास कोण आले होते? चूल थंड असता ती निवली म्हणून शेजारच्या जाळास नावे ठेवणे सोपे आहे. स्वतः लाकडे आणणे कठीण आहे. जेथे वडील आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करितात, त्यास दवाखान्यात नेतात, आणि बरे न झाल्यास त्याचा हात सोडीत नाहीत, तेथे ठक उपदेशकास गिऱ्हाईक मिळत नाही.

जो आज कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या टाकून बसला आहे, त्याच्या घरी ह्याच आठवड्यात कोणी तरी जावे. त्याची थट्टा करू नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी व त्यास पुन्हा आरोग्य केंद्रात घेऊन जावे. अग्नी न मालविण्याची आणि पारख करण्याची, अशा दोन्ही आज्ञा त्या एका कृतीत पाळल्या जातील. ज्याने आपल्या मंडळीस आत्मा दिला, तोच प्रभू तुम्हांस उबदार अंतःकरण व निर्मळ दृष्टी देवो. आमेन.